कलकत्त्याचे मुंगूस आणि फिजीचे रानवैभव

मुंगूस हा प्राणी मराठी माणसाच्या विशेष परिचयाचा आहे. पाळण्यातील बाळाचे सापापासून रक्षण करणारे आणि मालकिणीच्या उतावळेपणामुळे हकनाक प्राणास मुकणारे मुंगूस पंचतंत्राच्या द्वारे घरोघर पोहोचलेले आहे. सकाळी घराबाहेर पडताना मुंगूस आडवे गेले तर कार्य सिद्धीस जाते, अशी समजूत खेड्यापाड्यांतून अजूनही आढळते. या आपल्या ओळखीच्या प्राण्याने सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी कलकत्त्याहून समुद्रप्रवास केला आणि तो पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांवर जाऊन उतरला. तेथे पुढे जे घडले ते पंचतंत्रातील कथेपेक्षा कमी करुण नाही. उतावळेपणा तेथेही मनुष्याचाच होता. प्राणास मुकले ते मात्र त्या बेटांवरील निरुपद्रवी जीव.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस दक्षिण पॅसिफिकमध्ये तीनशेहून अधिक बेटांचा हा समूह पसरलेला आहे. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश बेटांवरच मनुष्यवस्ती आहे. व्हिटी लेवू आणि व्हानुआ लेवू ही दोन मोठी बेटे; तावेउनी, कांदावू, ओवालाऊ, गाऊ ही त्यांच्या खालोखालची; बाकीची लहान लहान. ज्वालामुखींच्या उद्रेकांतून समुद्राबाहेर आलेली ही भूमी कोणत्याही खंडापासून फार दूर आहे. त्यामुळे तेथे जे जे जीव पोहोचले ते उडत, नाहीतर लाटांवर तरंगतच पोहोचले. वाघ, कोल्हे, मांजरे यांपैकी काहीही तेथे नव्हते. जमिनीवर चालणारा एकही सस्तन प्राणी मूळचा तेथला नाही. सस्तन प्राण्यांत वटवाघळे काय ती सहा जातींची, आणि त्यांतील एक जात तावेउनीच्या डोंगरमाथ्यावरच्या धुक्याच्या अरण्याव्यतिरिक्त जगात अन्यत्र कोठेही सापडत नाही.

शत्रूच नसल्यामुळे या जीवांच्या अंगी भय उरले नाही. पक्षी जमिनीवर निर्धास्तपणे घरटी करू लागले; काहींनी तर उडण्याचा खटाटोपही सोडून दिला. बेडकांच्या दोन जाती येथे आहेत. त्यांची अंडी पाण्यात घातली जात नाहीत आणि त्यांतून भैरी मासाही निघत नाही. अंड्याच्या कवचातच सारे परिवर्तन होऊन पूर्ण आकाराचे चिमुकले बेडूक बाहेर पडते. तावेउनीच्या रानात नर पारव्याचा रंग पिकलेल्या संत्र्यासारखा असतो, व्हिटी लेवूवर त्याचाच भाऊबंद सोन्यासारखा पिवळा दिसतो, तर कांदावू बेटावरचा तिसरा भाऊ हिरवा असतो. एकाच कुळाने तीन बेटांवर तीन प्रकारची वस्त्रे परिधान करावीत, असा हा प्रकार आहे.

या सर्वांत शास्त्रज्ञांना अधिक कोड्यात टाकले ते इग्वानाने. घोरपडीची आठवण करून देणारा, परंतु पाचूसारखा हिरवागार असा हा झाडावरचा सरडा आहे. फिजीचे लोक त्याला वोकाई म्हणतात. त्याचे सारे गोत अमेरिका खंडात, आणि हा एकटा महासागराच्या पलीकडे हजारो मैलांवर! हा तेथे आला कसा, याबद्दल विद्वानांत दीर्घकाळ वाद चालला. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासाने असे दाखविले की, त्याचा जवळचा नातलग उत्तर अमेरिकेच्या वाळवंटात राहणारा इग्वाना असून, सुमारे तीन ते साडेतीन कोटी वर्षांपूर्वी त्याचे पूर्वज पुरात वाहून आलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यावर बसून जवळजवळ आठ हजार किलोमीटर अंतर तोडून आले असावेत. वाळवंटातील प्राण्याला तहानभूक सोसण्याची सवय असते. ती या प्रवासात त्याच्या उपयोगी पडली असणार. जमिनीवर राहणाऱ्या कोणत्याही पृष्ठवंशी प्राण्याने केलेला याहून लांबचा समुद्रप्रवास शास्त्राला ज्ञात नाही.

अशा या भूमीवर मनुष्याचे पाऊल पडले ते सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी. लापिता या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, नक्षीदार मातीची भांडी घडविणाऱ्या दर्यावर्दी लोकांनी आपल्या होड्यांतून कंदमुळे, कोंबड्या आणि उंदरांची एक लहान जातही बरोबर आणली. व्हिटी लेवूवरील गुहांतून अलीकडच्या काळात जी हाडे सापडली, त्यांवरून असे दिसते की, एके काळी तेथे न उडणारे प्रचंड कबूतर होते, जमिनीवर फिरणारी एक मगर होती, मोठ्या आकाराचा बेडूक होता आणि आजच्या इग्वानाच्या कितीतरी पट मोठा असा दुसरा इग्वानाही होता. यांपैकी कोणीही आज उरलेले नाही. निसर्गाचा ऱ्हास केवळ युरोपियनांच्या आगमनापासून सुरू झाला असे म्हणणे त्यामुळे न्यायाला धरून होणार नाही. तथापि पुढच्या अडीच-तीन हजार वर्षांत माणूस आणि रान यांचा एक प्रकारचा समतोल त्या बेटांवर साधला गेला होता, आणि तो समतोल एकोणिसाव्या शतकात मोडला, हेही तितकेच खरे आहे.

10 ऑक्टोबर 1874 रोजी फिजीच्या सरदारांनी आपली बेटे इंग्लंडच्या राणीच्या स्वाधीन केली. नव्या वसाहतीचा खर्च भागवावयाचा कसा, हा प्रश्न तत्काळ उभा राहिला. गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन याने दोन निर्णय घेतले. एक, फिजियन लोकांची जमीन विकली जाऊ नये, ती त्यांच्या कुळांकडेच राहावी. आणि दुसरा, मळ्यांवरील कामासाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणावेत. 14 मे 1879 रोजी 'लिओनिदास' हे जहाज कलकत्त्याहून निघालेल्या मजुरांची पहिली तुकडी घेऊन लेवुका बंदरात पोहोचले. पाठोपाठ ऑस्ट्रेलियातील कॉलोनियल शुगर रिफायनिंग कंपनी आली आणि 1882 साली नौसोरी येथे तिच्या कारखान्यात गाळप सुरू झाले. 'ॲग्रिमेंट' या शब्दाचा अपभ्रंश होऊन त्या मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' हा शब्द रूढ झाला. 1916 पर्यंत साठ हजारांवर गिरमिटिये या बेटांवर आले.

उसाच्या मागोमाग उंदीर येतात, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगावयास नको. युरोपियन जहाजांतून मोठे घुशीसारखे आणि काळे असे दोन्ही प्रकारचे उंदीर फिजीत उतरलेले होतेच. उसाच्या फडांत त्यांना आयते खाद्य मिळाले. त्याच सुमारास वेस्ट इंडिजमधून एक आशादायक वार्ता येत होती. जमेकामधील एस्प्यूट या मळेवाल्याने 1872 साली कलकत्त्याहून नऊ मुंगसे आणवून आपल्या मळ्यात सोडली होती, आणि त्यांनी उंदरांचा फडशा पाडल्याचा अहवाल त्याने 1882 साली लंडनच्या प्राणिशास्त्रविषयक संस्थेपुढे ठेवला. दहा वर्षांच्या अनुभवावर आधारलेला हा अहवाल जगभरच्या ऊस-बागाईतदारांना वेदवाक्यासारखा वाटला. दुसऱ्याच वर्षी, 1883 साली, मुंगसे हवाई बेटांवर गेली आणि त्याच वर्षी ती कलकत्त्याहून फिजीतही आणली गेली. ज्या बंदरातून माणसे येत होती त्याच बंदरातून आता मुंगूसही आले. दोघांनाही आणणारा धंदा एकच होता.

या योजनेत एक साधी गोष्ट लक्षात घेतली गेली नाही. मुंगूस दिवसा शिकार करते आणि उंदीर बहुधा रात्री बाहेर पडतात. त्यातून काळा उंदीर झाडावर चढण्यात पटाईत, तर हे मुंगूस मुख्यतः जमिनीवर वावरणारे. प्रारंभी फडांतील उंदीर काही प्रमाणात कमी झाले असतील. पण त्यांचा बंदोबस्त झाला नाही. मुंगूस मात्र उपाशी राहणारे नव्हते. समोर दिसेल ते खाणे हा त्याचा स्वभाव. किडे, खेकडे, फळे, सरडे, बेडूक, अंडी, पिले यांपैकी त्याला काहीही वर्ज्य नाही. आणि येथे तर जमिनीवर निर्धास्तपणे बसलेली घरटी व भय म्हणजे काय हे ठाऊक नसलेले जीव त्याच्यापुढे जणू पान मांडूनच ठेवलेले होते. जमेकातील मळेवाल्यांना आपली चूक दहा-पंधरा वर्षांतच उमगू लागली होती. परंतु फिजीतील मुंगसे तोवर रानात पसरली होती. त्यांना परत पिंजऱ्यात घालणे कोणाच्याही हाती राहिले नव्हते.

परिणाम काय झाला हे समजून घेण्यास फिजीची भूगोलरचनाच साहाय्य करते. मुंगूस व्हिटी लेवूवरून व्हानुआ लेवूवर आणि आणखी काही बेटांवर पोहोचले; तावेउनी, कांदावू, ओवालाऊ आणि गाऊ या बेटांवर मात्र ते गेले नाही. एखाद्या शास्त्रज्ञाने मुद्दाम प्रयोग मांडावा, त्याप्रमाणे मुंगूस असलेली व नसलेली अशी बेटे शेजारी शेजारी उभी आहेत. जांभळी पाणकोंबडी आणि तिची पट्टेदार बहीण तावेउनीसारख्या बेटांवर आजही दिसतात. दोन्ही मोठ्या बेटांवरून त्या नाहीशा झाल्या. मोठ्या सापसुरळ्यांच्या दोन जातींची तीच कथा. जमिनीवर राहणारा बेडूक मुंगूस नसलेल्या बेटांवर विपुल आहे. मोठ्या बेटांवर तो संपल्यासारखाच मानला गेला होता, आणि एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील काही थोड्या ठिकाणी तो पुन्हा आढळला तेव्हा अभ्यासकांना आनंदाबरोबर आश्चर्यही वाटले.

पंखांवर पट्टे असलेली फिजीची खास पाणकोंबडी मात्र कायमची गेली. एकोणिसाव्या शतकात जमविलेले तिचे मोजके नमुने संग्रहालयांत आहेत. तिची शेवटची निःसंशय नोंद 1890 सालची. म्हणजे मुंगूस आल्यानंतर अवघ्या सात वर्षांतली. तथापि येथे इतिहासाच्या अभ्यासकाने सावध राहावयास हवे. ही पाणकोंबडी ओवालाऊ बेटावरही होती, आणि त्या बेटावर मुंगूस कधी पोहोचलेच नाही. तेथे तिचा घास घेतला असेल तो जहाजांतून आलेल्या मांजरांनी व उंदरांनी. उलटपक्षी, जमिनीलगतच्या दाट झुडपांत राहणारा लांब पायांचा एक लहानसा पक्षी 1890 ते 1894 या काळात व्हिटी लेवूवर सापडला होता आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ तेथे त्याचा ठावठिकाणा नव्हता. मुंगसाने त्याला संपविले असेच सर्वांनी गृहीत धरले. पण 2003 साली त्याच बेटाच्या वाबू अरण्यात त्याची काही जोडपी जिवंत आढळली. एका आरोपीवर सर्व गुन्हे लादून मोकळे होता येत नाही, हाच या दोन उदाहरणांचा इत्यर्थ.

इतर आरोपीही काही कमी नाहीत. पिकांवरील किडी खाव्यात म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडची साळुंकी तेथे नेण्यात आली. आपला लालबुड्या बुलबुलही विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे पोहोचला. 1936 साली किडींवरचाच उपाय म्हणून अमेरिकेचा विषारी भेक आणला गेला. प्रत्येक वेळी हेतू चांगला होता, प्रत्येक वेळी उपाय सोपा दिसत होता, आणि प्रत्येक वेळी उपायच नवी व्याधी होऊन बसला. जंगलाच्या माथ्यावर फुलांतील मध चाखणारा कुलावाई नावाचा लालकंठी चिमुकला पोपट झाडावर राहत असल्याने मुंगसाच्या तावडीतून सुटला. पण काळा उंदीर झाडावर चढतो. 1993 नंतर या पोपटाची खात्रीशीर नोंद मिळालेली नाही.

एवढी हानी होऊनही फिजीच्या कथेचा शेवट केवळ शोकात होत नाही. याचे श्रेय बरेचसे त्या देशातील जमिनीच्या मालकीपद्धतीला द्यावे लागेल. गॉर्डनने घालून दिलेल्या धोरणामुळे आजही फिजीतील चारपंचमांशाहून अधिक जमीन तेथील मूळ रहिवाशांच्या कुळांच्या सामाईक मालकीची आहे. या कुळांना तेथे मातांगाली म्हणतात. सरकारने हुकूम काढला आणि अभयारण्य झाले, असे तेथे सहसा घडत नाही. गावच्या मंडळींपुढे बसावे लागते, यांगोनाचे पेय विधिपूर्वक अर्पण करावे लागते, आणि मग विषय काढावा लागतो.

यांदुआ तांबा या बेटाची हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. सुमारे सत्तर हेक्टरांचे हे निर्मनुष्य बेट व्हानुआ लेवूच्या पश्चिमेस आहे. दक्षिण पॅसिफिक विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ जॉन गिबन्स यांना तेथे इग्वाना सापडला, आणि तो नेहमीच्या पट्टेदार इग्वानाहून निराळा असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. याच्या मानेवर व पाठीवर काट्यांचा तुरा होता, अंगावर पांढऱ्या रेघा होत्या, आणि डिवचला असता तो हिरव्याचा काळाकुट्ट होत असे. पट्टेदार इग्वानाचे शास्त्रीय वर्णन 1800 सालीच झालेले होते. त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षे तुरेवाला भाऊ शास्त्राच्या नजरेतून निसटला होता. 1981 साली गिबन्स यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. शेजारच्या यांदुआ बेटावरील गावकऱ्यांच्या बकऱ्या त्या बेटावर चरत असत आणि इग्वानाला लागणारी कोवळी झाडे खाऊन टाकीत. फिजीच्या राष्ट्रीय न्यासाने गावकऱ्यांशी बोलणे करून बेट अभयारण्य म्हणून राखण्याची व्यवस्था केली. बकऱ्या हटविण्यात आल्या, रान पुन्हा वाढू लागले. आज तुरेवाल्या इग्वानांपैकी बहुतेक सारे या एकाच लहानशा बेटावर, हजारोंच्या संख्येने, सुखाने नांदत आहेत. या सरड्याची अंडी जमिनीत आठ-नऊ महिने पडून राहतात, तेव्हा कोठे पिले बाहेर येतात. इतका काळ मातीत उघड्यावर राहणाऱ्या अंड्यांना मुंगूस नसलेले बेट मिळणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

हाच धडा पुढे मोनुरिकी या बेटावर गिरविला गेला. तेथील अगदी थोडे उरलेले इग्वाना 2010 साली पकडून उद्यानात जोपासले, बेटावरील बकऱ्या व उंदीर निपटून काढले, आणि 2015 साली त्यांची प्रजा पुन्हा त्यांच्या घरी सोडण्यात आली. गाऊ बेटावरची गोष्ट तर याहून विलक्षण. 'हेराल्ड' नावाच्या इंग्रज जहाजावरील मोहिमेस 1855 साली तेथे एका काळसर समुद्रपक्ष्याचे पिल्लू मिळाले होते. त्यानंतर एकशेएकोणतीस वर्षे तो पक्षी गाऊवर पुन्हा कोणाला गवसला नाही. 1984 साली डिक वॉटलिंग या पक्षितज्ज्ञाने गाऊवरच रात्री दिव्याच्या उजेडात तो हाती घेतला, आणि 2009 साली समुद्रावर उडताना त्याची छायाचित्रे मिळाली. हा पक्षी टिकून राहिला याचे एक कारण त्या बेटावर मुंगूस नाही, हे उघड आहे.

पण भूतकाळाची चूक मनुष्य विसरतो, हेही याच इतिहासात नमूद आहे. 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस एका खाजगी प्राणिसंग्रहातून सुटलेल्या मुंगसांची दुसरीच एक जात व्हिटी लेवूवर रुजली. आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात व श्रीलंकेत राहणारे हे तपकिरी मुंगूस. ते वेगळ्या जातीचे आहे हे शास्त्रज्ञांना उमगावयास जवळजवळ तीस वर्षे लागली. आणि 2000 सालाच्या सुमारास कोणीतरी हौसेने अमेरिकेचा मोठा हिरवा इग्वाना तावेउनीजवळच्या गामेआ बेटावर आणून सोडला. साडेतीन कोटी वर्षांपूर्वी ज्या खंडातून पूर्वज तराफ्यावर आले, त्याच खंडातला धष्टपुष्ट चुलतभाऊ आता माणसाच्या हातून येऊन स्थानिक इग्वानाच्या वाट्याचा पाला खाऊ लागला आहे.

या साऱ्या प्रकरणात मुंगसाला दोष देणे सोपे आहे, पण ते योग्य नव्हे. त्याने आपला स्वभाव सोडला नाही, एवढाच त्याचा अपराध. उसाच्या त्याच धंद्याने आणलेल्या माणसांचे काय झाले याचीही या ठिकाणी आठवण होणे साहजिक आहे. गिरमिटियांच्या यातना हिंदुस्थानात पोहोचल्या तेव्हा 1912 सालच्या मार्चमध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात ही भरती बंद करण्याचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. पण गोखल्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मिटला नाही, आणि चार वर्षांनी जहाजे थांबली. बडोद्यात जन्मलेले बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर हे त्याच 1912 साली फिजीत जाऊन मजुरांचे खटले लढवू लागले. करार संपल्यावर त्या मजुरांपैकी बरेच जण तेथेच राहिले आणि त्यांची नातवंडे-पतवंडे आज त्या देशाचे नागरिक आहेत. माणसांवरील अन्याय माणसे बोलून दाखवू शकतात. त्यांची बाजू मांडणारा गोखल्यांसारखा कोणीतरी निघतो. पट्टेरी पंखांच्या पाणकोंबडीची बाजू 1890 साली मांडणारे कोणी नव्हते.

आज ती बाजू मांडणारे आहेत, आणि ते मुख्यतः त्या बेटांवरचेच लोक आहेत. तावेउनीला किंवा गाऊला जाणाऱ्या एखाद्या होडीतून चुकून एक गाभण मुंगूस पलीकडे गेले, तर एकशेचाळीस वर्षे टिकलेले सारे थोड्या काळात धुऊन जाईल, हे त्यांना पुरते ठाऊक आहे. म्हणूनच त्या होड्यांवरची नजर ढळू न देणे, हे त्या बेटांच्या निसर्गरक्षणातील पहिले काम ठरले आहे.